सायकलवरून फ्रान्सच्या द्राक्षमळ्यांत

फ्रान्स म्हटले की आयफेल टॉवर, लूव्हर संग्रहालय आणि पॅरिसच्या रस्त्यांवरील कॉफीगृहे डोळ्यांसमोर येतात. या देशाचे खरे वैभव मात्र राजधानीबाहेर, डोंगरउतारांवर आणि नदीकाठी पसरलेल्या द्राक्षमळ्यांत आहे. आगगाडीच्या खिडकीतून हे मळे हिरव्या पट्ट्यासारखे मागे सरकतात आणि मोटारीतून पाहताना एक गाव दुसऱ्यासारखेच भासते. सायकलस्वाराला मात्र मातीचा बदललेला रंग दिसतो, चढ पायांना जाणवतो आणि उताराच्या मध्यावरच्या वेलींना एवढे मोल का, हेही उमगते. फ्रेंच वाइनचा सारा विचार भूमीभोवती फिरतो. त्यामुळे तिची ओळख करून घेण्यास सायकलीइतके योग्य वाहन नाही.

मात्र या सहलीचे यश पायांतील बळापेक्षा आखणीवर अधिक अवलंबून असते. दहा दिवसांत दहा शहरे पाहण्याची आपल्याकडील सवय येथे निरुपयोगी ठरते. एका सहलीत एकच प्रदेश, दिवसाला तीस ते चाळीस किलोमीटर आणि दोन मुक्कामांमध्ये पुरेसा मोकळा वेळ, हे सूत्र पाळणाऱ्याच्याच पदरी काही पडते.

प्रदेशाची निवड

फ्रान्समधील प्रमुख वाइन-प्रदेश एकमेकांपासून शेकडो किलोमीटर दूर आहेत. पश्चिमेला अटलांटिकजवळ बोर्दो, मध्य भागातून पश्चिमेकडे वाहणाऱ्या लुआर नदीचे खोरे, पूर्वेला बर्गंडी, जर्मनीच्या सीमेलगत अल्सास, पॅरिसच्या ईशान्येस शांपेन आणि दक्षिणेकडे उतरणारे रोन नदीचे खोरे, अशी त्यांची ढोबळ मांडणी करता येईल. प्रत्येकाची जमीन, हवा, द्राक्षांची जात आणि रस्त्याचा चढउतार वेगळा आहे.

लुआरचे खोरे नवख्या सायकलस्वारास सर्वांत सोयीचे. ‘लुआर आ व्हेलो’ या नावाने ओळखला जाणारा सुमारे ९०० किलोमीटरचा सायकलमार्ग नेव्हेर शहराजवळून निघून थेट अटलांटिकच्या किनाऱ्यापर्यंत जातो. मार्ग नदीच्या काठाने जात असल्याने चढ फार थोडे आहेत. सुली-स्युर-लुआर ते शालोन या गावांमधील खोऱ्याचा पट्टा २००० साली युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समाविष्ट झाला. ब्लुआ ते सोम्युर हा टप्पा आठवडाभराच्या सहलीस पुरेसा आहे. वाटेत आंब्वाझ लागते. लिओनार्दो दा विंची याचे निधन १५१९ मध्ये याच गावी झाले. पुढे वूव्हरे, बूर्गय आणि शिनाँ ही वाइनसाठी नावाजलेली गावे येतात. येथील मऊ, पांढऱ्या चुनखडीच्या डोंगरात खोदलेल्या गुहांत वाइन साठवली जाते. शेनँ ब्लाँ हे वूव्हरेचे द्राक्ष. नाशिक परिसरात याच जातीची लागवड झाली असून तेथील शेनँ ब्लाँ वाइन मराठी ग्राहकाच्या परिचयाची आहे. त्या वेलीचे माहेर पाहण्याची संधी येथे मिळते. मात्र या खोऱ्यात वारा बहुधा पश्चिमेकडून, म्हणजे समुद्राच्या बाजूने वाहतो. समुद्राकडे निघालेल्यास तो समोरून लागतो, हे दिशा ठरवताना ध्यानात घ्यावे.

अल्सासमधील ‘वाइनचा मार्ग’ १९५३ मध्ये सुरू झाला. मार्लेनहाइम ते तान असा सुमारे १७० किलोमीटरचा हा मोटाररस्ता व्होज पर्वताच्या पायथ्याने जातो आणि त्याच परिसरातून सायकलींसाठी स्वतंत्र खुणा केलेला मार्गही आहे. लाकडी चौकटींची रंगीत घरे, रिकव्हीर आणि एगिसहाइमसारखी तटबंदीची गावे आणि छपरांवर घरटी करणारे करकोचे ही या भागाची ओळख. रीसलिंग आणि गेव्युर्त्स्त्रामिनर या येथील प्रमुख जाती आहेत. चढउतार लुआरपेक्षा अधिक असले तरी दोन गावांतील अंतर थोडे असल्याने थकवा बेताचाच येतो.

बोर्दोचे नाव मोठे, पण तेथे सायकलस्वाराने थोडे जपून नियोजन करावे. मेदोक भागातील प्रसिद्ध वाड्यांमध्ये आगाऊ वेळ घेतल्याशिवाय सहसा प्रवेश मिळत नाही. त्यापेक्षा बोर्दो शहरातून सोव्हतेर-द-ग्विएनपर्यंत जाणारा रोजे लापेबी मार्ग अधिक रमणीय आहे. जुन्या लोहमार्गाच्या जागेवर बांधलेला हा सुमारे साठ किलोमीटरचा पट्टा आंत्र-द-मेर या वाइन-प्रदेशातून जातो. ज्याचे नाव या मार्गाला दिले आहे तो लापेबी १९३७ च्या तूर द फ्रान्सचा विजेता होता. १९९९ पासून जागतिक वारसा यादीत असलेल्या सेंत-एमिलियाँ या गावाची भेट याच सहलीत जोडता येते.

दक्षिणेकडे, जिनिव्हा सरोवरापासून भूमध्य समुद्रापर्यंत ‘व्हियारोना’ हा सुमारे ८१५ किलोमीटरचा मार्ग रोन नदीची सोबत करतो. तँ-लेर्मिताजसारखी गावे या मार्गावरच लागतात, तर शातोनफ-द्यु-पाप जवळच्या अंतरावर आहे. येथे उत्तरेकडून ‘मिस्त्राल’ हा जोराचा, कोरडा वारा वाहतो. त्यामुळे उत्तरेकडून दक्षिणेकडे जाणे शहाणपणाचे. उलट दिशेने निघालेल्या सायकलस्वाराचा एखादा दिवस नुसता वाऱ्याशी झुंजण्यात जातो.

बर्गंडीचा आठवडा

नियोजन कसे करावे याचा नमुना म्हणून बर्गंडीचे उदाहरण घेता येईल. पॅरिसहून दिजाँ हे शहर जलद गाडीने सुमारे दीड तासावर आहे. दिजाँच्या दक्षिणेस ‘कोत दॉर’ हा अरुंद उतार सुरू होतो. लांबी सुमारे पन्नास किलोमीटर आणि रुंदी बहुतेक ठिकाणी एक-दोन किलोमीटर, एवढ्याच पट्ट्यात जगातील काही सर्वांत महागड्या वाइन तयार होतात. येथे मुख्यतः दोनच जातींची द्राक्षे पिकतात. लाल वाइनसाठी पिनो न्वार आणि पांढरीसाठी शार्दोने. जाती दोन असल्या तरी चव शेताशेताला बदलते. प्रत्येक शेताला नाव आणि ठरलेली हद्द असून त्याला ‘क्लिमा’ म्हणतात. अशा १,२४७ क्लिमांचा २०१५ मध्ये जागतिक वारसा यादीत समावेश झाला.

सायकलस्वाराला या शेतांची उतरंड डोळ्यांनी वाचता येते. मुख्य रस्त्यालगतच्या सपाट जमिनीतील वाइन साध्या, प्रादेशिक नावाने विकली जाते. थोडे वर गेल्यास गावाच्या नावाची, त्यावर ‘प्रमिए क्रू’ आणि उताराच्या मध्यभागी, जेथे पाणी साचत नाही आणि ऊनही भरपूर मिळते, तेथे ‘ग्राँ क्रू’ ही सर्वोच्च श्रेणी. माथ्याजवळ माती पातळ आणि हवा थंड, म्हणून दर्जा पुन्हा उतरतो. एका पायवाटेच्या अलीकडची बाटली पलीकडच्या बाटलीच्या कित्येक पट किमतीला का जाते, याचे उत्तर अशा दोन किलोमीटरांच्या चढणीत मिळते.

पहिला दिवस दिजाँमध्ये सायकल ताब्यात घेण्यात, खोगिराची उंची बसवून घेण्यात आणि शहर पाहण्यात घालवावा. दुसऱ्या दिवशी फिक्सँ, जेव्हरे-शांबर्तँ आणि वूजो या गावांतून न्वी-सँ-जोर्ज गाठावे. अंतर सुमारे तीस किलोमीटर. वाटेतील क्लो द वूजो हा दगडी भिंतीने वेढलेला सुमारे पन्नास हेक्टरांचा मळा सिस्टर्शियन पंथाच्या साधूंनी बाराव्या शतकापासून उभा केला. फ्रेंच राज्यक्रांतीत चर्चची मालमत्ता जप्त होऊन विकली गेली आणि पुढे विक्री व वारसाहक्कांतून वाटण्या होत गेल्या. आज या एका मळ्याचे ऐंशीच्या आसपास मालक आहेत. सातबाऱ्यावरील नावांची रांग पाहिलेल्या मराठी माणसास यात नवल वाटणार नाही. पण वाइन घेणाऱ्यास यातून महत्त्वाचा धडा मिळतो. बर्गंडीत शेताच्या नावाइतकेच उत्पादकाचे नावही पाहावे लागते.

तिसऱ्या दिवशी सुमारे वीस किलोमीटरवरील बोन हे गाव गाठून चौथा दिवस तेथेच काढावा. १४४३ मध्ये निकोला रोलँ याने गरिबांसाठी स्थापन केलेले येथील रुग्णालय रंगीत कौलांच्या छपरासाठी प्रसिद्ध आहे. १९७१ पर्यंत त्या इमारतीत रुग्णांची सेवा होत असे. दानात मिळालेल्या मळ्यांच्या वाइनचा लिलाव १८५९ पासून होत आला असून तो नोव्हेंबरच्या तिसऱ्या रविवारी भरतो. त्या आठवड्यात गावात खोली मिळणे दुरापास्त असते.

पाचव्या दिवशी बोनहून सांतनेपर्यंतचा ‘व्हा दे व्हीन्य’, म्हणजे वेलींची वाट, हा सुमारे बावीस किलोमीटरचा टप्पा येतो. पोमार, व्होल्ने, मर्सो आणि पुलिन्यी-माँराशे ही गावे एकामागून एक लागतात. वाट मळ्यांमधूनच जाते. अंतर दोन तासांचे असले तरी यासाठी पूर्ण दिवस राखून ठेवावा. सहाव्या दिवशी कालव्याच्या काठाने शालाँच्या दिशेने जाऊन जिव्ह्री गावी मुक्काम करावा. जिव्ह्री ते क्ल्युनी हा ४४ किलोमीटरचा पट्टा जुन्या लोहमार्गावर बांधलेला असून १९९७ मध्ये खुला झालेला हा मार्ग फ्रान्समधील अशा हरितमार्गांचा आरंभ मानला जातो. सातव्या दिवसाचा हा टप्पा सर्वांत लांब, पण मोटारींपासून मुक्त आहे. क्ल्युनीचा मठ दहाव्या शतकाच्या आरंभी स्थापन झाला. मध्ययुगीन युरोपच्या धर्मजीवनावर त्याचा मोठा प्रभाव होता.

परतीसाठी क्ल्युनीहून आणखी सुमारे वीस किलोमीटरवरील माकाँ गाठावे. वाटेत सुमारे दीड किलोमीटर लांबीचा जुना रेल्वे बोगदा आहे. तो हिवाळ्यात वटवाघळांच्या विश्रांतीसाठी बंद ठेवला जातो. त्या काळात जाणाऱ्यास डोंगरावरून वळसा घ्यावा लागतो. एकूण अंतर सुमारे १६० किलोमीटर होते. नियमित सायकल न चालवणाऱ्यासही थोड्या सरावाने हे साध्य आहे.

केव्हा जावे?

नाशिकमध्ये वाइनच्या द्राक्षांची काढणी साधारण जानेवारी ते मार्चमध्ये होते. फ्रान्समध्ये वेल हिवाळाभर झोपलेली असते. एप्रिलमध्ये पालवी, जूनच्या सुमारास फुलोरा आणि उन्हाळ्याच्या अखेरीस काढणी, असे तेथील चक्र आहे. सायकलीसाठी मे-जून आणि सप्टेंबर हे महिने उत्तम. दिवस मोठा, हवा सुखद आणि गर्दी बेताची. जुलै-ऑगस्टमध्ये दुपारचे ऊन त्रासदायक होते आणि फ्रेंच कुटुंबेही सुटीवर असल्याने खोल्यांची टंचाई असते.

काढणी पाहायची असल्यास जुन्या पुस्तकांतील तारखांवर विसंबू नये. बोन येथे १३५४ पासूनच्या काढणीच्या तारखांची नोंद उपलब्ध असून २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार १९८८ नंतर काढणी पूर्वीपेक्षा सरासरी १३ दिवस आधी सुरू होऊ लागली. वाढत्या तापमानाचा हा परिणाम आहे. सप्टेंबरअखेर पोहोचणाऱ्यास अनेक ठिकाणी रिकाम्या वेलीच दिसतात. शिवाय काढणीच्या दिवसांत छोटे उत्पादक पाहुण्यांना वेळ देऊ शकत नाहीत आणि अरुंद वाटांवर ट्रॅक्टरांची वर्दळ असते. ज्यांना शेतकऱ्याशी निवांत बोलायचे आहे, त्यांच्यासाठी मे-जूनच बरा.

आस्वाद आणि कायदा

या सहलीतील खरी जोखीम घाटात किंवा वाऱ्यात नसून पेल्यात आहे. फ्रान्समध्ये रक्तातील मद्यार्काची मर्यादा लिटरमागे ०.५ ग्रॅम असून ती सायकलस्वारासही लागू आहे. एका ठरावीक मापाच्या पेल्याने हे प्रमाण साधारण ०.२० ते ०.२५ ग्रॅमने वाढते. म्हणजे दोन पेल्यांतच मर्यादा गाठली जाते. बारीक अंगकाठीच्या किंवा उपाशीपोटी पिणाऱ्या व्यक्तीस ती त्याआधीही ओलांडली जाऊ शकते. मर्यादा ओलांडल्यास १३५ युरोंचा दंड होतो आणि ०.८ ग्रॅमच्या पुढे प्रकरण न्यायालयात जाऊ शकते. अपघात झाल्यास विम्याचा दावाही अडचणीत येण्याची शक्यता असते.

यावर उपाय तेथील जाणकारच दाखवतात. आस्वादाच्या खोलीत थुंकण्यासाठी भांडे ठेवलेले असते. वाइन तोंडात घोळवून त्यात टाकणे हा असभ्यपणा नसून व्यवसायातील रीतच आहे. दिवसाला एक किंवा दोन तळघरेच पाहावीत, शक्यतो मुक्कामाच्या गावी, सायकल जागेवर लावल्यानंतर. सकाळी सायकल, दुपारी मुक्काम आणि त्यानंतर आस्वाद, हा क्रम मोडू नये. बहुतेक तळघरे दुपारी बारा ते दोन या वेळात बंद असतात. लहान उत्पादकांकडे आदल्या दिवशी दूरध्वनी करून वेळ ठरवावी. काही ठिकाणी आस्वाद विनामूल्य असतो. तेथे निदान एक बाटली घेणे शिष्टाचाराचे समजले जाते. मात्र भरलेली एक बाटली सव्वा किलोच्या आसपास भरते. सहा बाटल्या म्हणजे सायकलीवर सात-आठ किलोंचा भार. भारतात परतताना प्रवाशाला दोन लिटरपर्यंतच मद्य करमुक्त आणता येते, हेही विसरू नये.

रस्त्याचे नियम

फ्रान्समध्ये वाहने उजव्या बाजूने चालतात. भारतीय सायकलस्वाराची चूक बहुधा सकाळी पहिल्या वळणावर किंवा थांबून पुन्हा निघताना होते. खुणा नसलेल्या चौकात उजवीकडून येणाऱ्या वाहनास आधी वाट द्यावी लागते, मग तो रस्ता कितीही लहान असो. सायकलीस घंटा, पुढे-मागे दिवे आणि परावर्तक असणे बंधनकारक आहे. रात्री किंवा अंधुक प्रकाशात गावाबाहेर चकाकणारे जाकीट घालावे लागते. बारा वर्षांखालील मुलांना २०१७ पासून शिरस्त्राण सक्तीचे आहे. मोठ्यांना सक्ती नसली तरी ते घालावेच. सायकल चालवताना कानात इअरफोन घालण्यास मनाई आहे. संकटसमयी ११२ हा क्रमांक चालतो.

सायकल, सामान आणि मुक्काम

भारतातून स्वतःची सायकल खोक्यात भरून नेता येते, पण आठवडाभराच्या सहलीसाठी ती तेथेच भाड्याने घेणे सोयीचे. चढाच्या प्रदेशात विजेवर चालणारी सायकल घेतल्यास कमी सराव असलेले ज्येष्ठ नागरिकही सहलीत सहभागी होऊ शकतात. एका गावी घेऊन दुसऱ्या गावी परत करण्याची सोय आहे का, हे आधी विचारावे. सामान एका मुक्कामावरून दुसऱ्या मुक्कामी मोटारीने पोहोचवणाऱ्या सेवाही प्रमुख मार्गांवर उपलब्ध आहेत. आगगाड्यांच्या बाबतीत प्रादेशिक गाड्यांत सायकल नेणे तुलनेने सोपे असते, तर जलद गाड्यांत त्यासाठी आगाऊ आरक्षण लागते आणि काही गाड्यांत सायकल सुटी करून पिशवीत भरावी लागते.

मुक्कामासाठी ‘अक्के व्हेलो’, म्हणजे सायकलस्वारांचे स्वागत, ही खूण असलेली ठिकाणे निवडावीत. ती सायकलमार्गापासून पाच किलोमीटरच्या आत असतात. तेथे सायकल सुरक्षित ठेवण्याची जागा आणि किरकोळ दुरुस्तीची साधने मिळतात. घरगुती पाहुणचाराच्या ‘शांब्र दोत’ प्रकारच्या घरांत यजमान स्वतः वाइन-उत्पादक असण्याचीही शक्यता असते. शाकाहारी पाहुण्यांनी खोली आरक्षित करतानाच तसे स्पष्ट कळवावे. लहान गावांत रात्री ऐनवेळी शाकाहारी जेवण मिळणे अवघड असते. रविवारी दुपारनंतर दुकाने बहुधा बंद असल्याने पाव, चीज आणि फळे आदल्या दिवशीच घेऊन ठेवावीत.

व्हिसा

फ्रान्ससाठी शेंगेन व्हिसा लागतो. त्यावर कोणत्याही १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस राहता येते. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. उन्हाळ्याच्या हंगामात भेटीची वेळ मिळण्यास उशीर होत असल्याने दोन-तीन महिने आधी तयारी करावी. जून २०२४ पासून प्रौढांसाठी शुल्क ९० युरो असून अर्जकेंद्राचे सेवाशुल्क वेगळे. किमान ३०,००० युरोंचे वैद्यकीय संरक्षण देणारा प्रवासविमा अनिवार्य आहे. त्यात सायकलवरील अपघाताचा समावेश आहे, याची खातरजमा पॉलिसी वाचूनच करावी.

सायकलसहलीत रोजचा मुक्काम वेगळा असतो. त्यामुळे अर्जासोबत प्रत्येक रात्रीचे आरक्षण तारीखवार जोडावे लागते आणि प्रवासाचा आराखडा त्याच्याशी तंतोतंत जुळावा लागतो. एक रात्र रिकामी राहिली तरी शंका उपस्थित होऊ शकते. अर्ज करतेवेळी रद्द करता येण्याजोगी आरक्षणे घेतल्यास व्हिसा नाकारला गेला तरी नुकसान कमी होते.

निघण्यापूर्वीचे दोन महिने

सहलीची खरी सुरुवात घराजवळच्या रस्त्यावरच करावी. आठवड्यातून तीन दिवस, प्रत्येकी दीड-दोन तास सायकल चालवण्याचा सराव दोन महिने केल्यास चाळीस किलोमीटरचा दिवस जड जात नाही. शेवटच्या पंधरवड्यात सलग दोन दिवस, पाठीमागे सामान बांधून सराव करावा. पहिल्या दिवशी सर्वांनाच जमते. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा खोगिरावर बसताना काय वाटते, यावरूनच टप्पे किती लांब ठेवायचे ते ठरवावे. पंक्चर काढणे आणि उतरलेली साखळी चढवणे एवढी दोन कामे तरी स्वतःला यायला हवीत. द्राक्षमळ्यांच्या मधोमध सायकलीचे दुकान नसते आणि दुपारी बारानंतर गावातले दुकानही जेवणासाठी बंद झालेले असते.